सुतकातले टाळ

पुंडलिकरावांनी फोटो तयारच ठेवला होता. नंदकिशोर आर्णीच्या तहसीलमधून निवृत्त झाले त्या दिवसाचा, खांद्यावर शाल घेतलेला. भोवती मोबाइलवरच चढवलेला झेंडूचा हार आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. स्मशानातून परतून, आंघोळ उरकून ते ओसरीत टेकले आणि फोटो पाठवायला बोट टेकवणार, तेवढ्यात आतून पद्मजाताई आल्या.

"भाऊजी, टाकू नका ते."

"काहून वहिनी?"

"ग्रुपवर नको, स्टेटसलाही नको. कोणीच टाकू नका."

पुंडलिकराव म्हणजे कीर्तन मंडळाच्या ग्रुपचे ॲडमिन. पहाटे कमळाच्या फुलासकट सुप्रभात पाठवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. ते चाचरले. "नंदूभाऊ आपल्या मंडळाचा टाळकरी. म्या नाही टाकलं तं लोक म्हणतीन, पुंडलिकले खबरच नाही."

"म्हणू द्या. गौरी आहे ना ग्रुपवर. तिकडे नेट आलं की पहिलं तेच दिसेल तिला."

गौरी ही पद्मजाताई आणि नंदकिशोरांची एकुलती लेक, कॅनडात राहणारी. पाच महिन्यांची अनघा तिच्या अंगावर पिते. आदल्या दिवशी तिकडे बर्फाचा पाऊस झाला, झाडं तारांवर आडवी झाली आणि अख्ख्या गावाची वीज गेली. आपल्याकडे लाइन गेली की माणूस पुठ्ठ्यानं वारा घेतो आणि वायरमनला शिव्या देतो. तिकडे घर गरम ठेवणारं यंत्रच बंद पडतं. जावई साकेत कामासाठी दुसऱ्या शहरात गेलेला. रस्ते बंद, तो तिथंच अडकला. नेट नाही, साधा फोन तेवढा लागतो. तोही ती बंद करून ठेवते आणि सकाळी आईशी दोन शब्द बोलण्यापुरता लावते. तिची सकाळ म्हणजे आर्णीतली दिवेलागण, हरिपाठाची वेळ.

नंदकिशोर गेले ते सकाळी पूजेची फुलं तोडताना. परडी हातात घेता घेता म्हणाले होते, "गौरीचा फोन आला तर सांग, शेगडीबिगडी घरात पेटवू नको म्हणावं. धूर कोंडतो." जास्वंदीखाली परडी उपडी पडलेली दिसली, तेव्हा सगळं संपलं होतं.

पुंडलिकरावांच्या पत्नी बेबीताई उंबऱ्यात बसल्या होत्या. "पण वहिनी, पोरीले सांगावं तं लागनच. बाप होता तिचा."

"सांगेन. मीच सांगेन, माझ्या तोंडानं. वीज येऊ दे, जावई घरी पोचू दे. धक्क्यानं दूध आटतं, बेबीताई. वरचं दूध कोमट करायला तिच्याकडे आग नाही. लेकरू काय पिईल?"

बेबीताईंनी पदर सारखा केला. "राजूरच्या खाणीत माया बाप गेला, तवा आमचा अक्षय अंगावर होता. असंच दूध आटलतं मायं," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "ठेवा तो मोबाइल खिशात. तुमचा झेंडू काही उद्या सुकत नाही."

मग दुपारभर पुंडलिकराव एकेकाला फोन लावत राहिले. बातमी कुठं टाकू नका, एवढं सांगण्यासाठी त्यांनी ती सगळ्या तालुक्याला सांगितली. पण कोणी शब्द मोडला नाही. कीर्तन मंडळातल्या माणसांत एवढा धाक अजून आहे.

दिवेलागणीला घरात बायका बसल्या होत्या. जिथं नंदकिशोरांना ठेवलं होतं, तिथं पिठाच्या ढिगावर पणती तेवत होती. फोन वाजला तशी पद्मजाताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. हुंदकासुद्धा थांबला.

"आई, पटकन बोलते हं, बॅटरी थोडीच आहे."

"बोल बाळा. अनघा कशी आहे?"

"किरकिर करतेय गं. छोट्या खोलीत दाराला रजई लावून बसलोय दोघी."

"उघड्या अंगानं पोटाशी धर तिला, वरून दोघींवर मिळून पांघरूण घे. डोक्याला टोपडं असू दे. पिते ना नीट?"

"पिते. पिऊन पुन्हा रडते."

"आणि बाबांनी सांगितलंय, शेगडी घरात पेटवू नको. धूर कोंडतो."

"शेगडी आणू कुठून म्हणावं," गौरी हसली. "बरं, बाबांना दे ना. थोडे टाळ वाजवू दे. रोज या वेळी फोनवर ऐकते ना ती, त्याशिवाय डोळा मिटत नाही तिचा."

पद्मजाताईंची नजर खुंटीवर गेली. "त्यांचा आवाज नाही निघत गं आज," त्या म्हणाल्या. "नुसते टाळ ऐक."

फोन त्यांनी पणतीशेजारी ठेवला आणि खुंटीवरचे टाळ काढले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या जावेनं तोंडाला पदर लावला. सकाळी कुंकू पुसलेली बाई सुतकात टाळ हाती घेते, हे आर्णीनं कधी पाहिलं नव्हतं. पद्मजाताईंनीही आयुष्यभर बायकांच्या बाजूला बसून टाळ ऐकलेच होते, धरले कधी नव्हते. नंदकिशोर म्हणायचे, बुवा दम घ्यायला थांबला तरी टाळकऱ्यानं थांबायचं नसतं. तो थांबला तर कीर्तन खाली बसतं.

पहिला ठोका जड पडला, दुसरा लांबला. मग बेबीताईंनी पदराआडून, ऐकू येईल न येईल असं, 'विठ्ठल विठ्ठल' धरलं. त्या आधारानं हात थोडा सरळ झाला. पलीकडचं रडणं आधी तुटक झालं, मग थांबलं.

"झोपतेय," गौरी कुजबुजली. "आई, बाबांचा हात चुकतोय आज. म्हातारे झाले म्हणावं."

"सांगते."

फोन बंद झाला. टाळ मांडीवर ठेवून पद्मजाताई त्या दिवसात पहिल्यांदा रडल्या.

दुसऱ्या संध्याकाळी फोन आलाच नाही. पद्मजाताई पणतीजवळून हलल्या नाहीत. तेलही त्याच घालत राहिल्या.

त्यानंतरच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. गौरीच्या मागं दिवा लख्ख पेटलेला होता.

"साकेत आला?"

"आत्ताच पोचला. खाली गाडी लावतोय."

"तो वर येऊ दे. अनघा प्यायली?"

"हो, पोटभर. का गं?"

साकेत आत आलेला दिसला. पद्मजाताईंनी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, कीर्तनातले दृष्टांतसुद्धा. त्यातलं एकही आठवेना. त्यांनी फोन फिरवून पणतीसमोर धरला.

पलीकडे गौरीनं साकेतचा हात धरला.

"कधी?"

"वीज गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी."

"मग टाळ?"

"मी वाजवले."

"मी हसले होते, आई," गौरी म्हणाली. "म्हातारे झाले म्हणाले मी. आणि तू मला हसू दिलंस."

"हो," पद्मजाताई म्हणाल्या.

आता बॅटरीची घाई नव्हती. दोघींनीही फोन ठेवला नाही. आवाजानं अनघा जागी झाली, आणि ओळखीची वेळ झालेली तिला बरोबर कळली. ओठ काढून तिनं सूर लावला.

"वाजव," गौरी म्हणाली.

"चुकतात गं माझे."

"चुकू दे."

पद्मजाताईंनी टाळ घेतले. ओसरीत पुंडलिकरावांनी हातातला मोबाइल पुन्हा खिशात घातला. पडद्यावरून गौरीचा चेहरा बाजूला झाला होता. साकेतच्या खांद्यावर टेकलेली तिची पाठ तेवढी हलत होती. पुढं फक्त अनघा होती, मान वळवून वळवून, आवाज कुठून येतो ते शोधणारी.