भूल उतरेपर्यंत

भाऊजींना हवे तसे श्रोते मिळाले ते परदेशात, एका शाळेच्या व्हरांड्यात. लाकडी बाकावर ओळीने बसलेले, जागचे न हलणारे आणि अर्धं तोंड बधिर झालेले.

मायदेशी त्यांची फार उपेक्षा झाली होती. चर्चमधल्या मंडळीच्या कारभारात त्यांना मान होता, पण देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला उभे राहिले की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासुद्धा पर्समध्ये खडीसाखर शोधू लागायच्या. पाळकसाहेब आधीच "थोडक्यात बरं का" म्हणून ठेवायचे आणि भाऊजी दुसऱ्या मुद्द्यावर आले की पेटीवाल्याकडे बघायचे. पेटीवाला समजूतदार होता. मुद्दा अर्धवट राहायचा आणि गीत सुरू व्हायचं. नोकरीत असताना हाताखालची माणसं तरी ऐकायची. निवृत्तीनंतर फक्त त्यांची बायको, म्हणजे जाऊबाई, उरल्या, आणि त्याही कुकरच्या शिट्ट्यांकडे एक कान ठेवून ऐकायच्या.

अशा माणसाला परदेशातल्या सेवाकार्याची ओढ लागली यात नवल नव्हतं. कार्य दातांचं ठरलं, कारण धाकट्या भावाची बायको दातांची डॉक्टर होती. कल्पना भाऊजींची, दात काढायचे धाकटीने.

धाकटीला मात्र मनापासून जायचं होतं. तिच्या दवाखान्यात हल्ली दुखणं घेऊन येणारे कमी आणि लग्नाआधी दात पांढरे करून घेणारे जास्त. ज्याला खरंच कळ लागली आहे त्याच्या कामी आपले हात यावेत, असं ती देवाजवळ किती दिवस मागत होती. पहाटे स्तोत्र वाचून झाल्याशिवाय कोणाशी बोलायचं नाही हा तिचा नेम होता, आणि त्या एका नेमावरून सासरच्यांनी तिला कायमची गरीब गाय ठरवून टाकलं होतं. विमानतळावर नवऱ्याने कानात सांगितलं, दादाचा स्वभाव माहीत आहे ना, तू तुझं काम कर, त्याच्या तोंडी लागू नकोस. तिने मान हलवली.

मंडळीतून बरोबर निघालेल्या सगळ्यांना पिवळ्या टोप्या शिवून घेतल्या होत्या. भाऊजींची तेवढी पांढरी होती, म्हणजे फोटोत शोधावं लागू नये.

शाळेला सुट्टी होती. एका वर्गात खुर्ची मागे झुकवून तिच्या पायांखाली विटा लावल्या, खिडकीशी टेबल ओढलं, कोपऱ्यात शेगडीवर हत्यारं उकळायचा मोठा कुकर चढवला. धाकटीने कपाळाला दिवा बांधला आणि कामाची रीत लावून दिली. बाहेर बाकावर बसलेल्यांना ती आळीपाळीने भुलीची सुई द्यायची, आणि शेवटच्याला देऊन होईपर्यंत पहिल्याचा जबडा बधिर व्हायचा. देणगीत मिळालेलं औषध साधं होतं, लवकर चढणारं आणि लवकर उतरणारं. तेव्हा सुई दिली की माणूस लगेच आत यायला हवा, हे तिने सगळ्यांना नीट समजावलं. भाऊजींनीही ऐकलं. त्यांनी त्यातलं एवढंच घेतलं की सुईनंतर माणसाला थोडा वेळ बसून राहावं लागतं.

पहिल्याच सकाळी ते त्या बाकासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. ही माणसं उठून जाणार नव्हती, कारण दात आत जाऊन काढायचा होता. खोकणार नव्हती, प्रश्न विचारणार नव्हती. ओठाचा एक कोपरा लोंबत असल्यामुळे सगळी कशी भारावल्यासारखी दिसत होती. भाऊजींनी घसा साफ केला आणि बायबलातल्या नोहाच्या जहाजापासून सुरुवात केली.

जहाज पाण्याला लागेपर्यंत पहिल्या दोघांची भूल उतरली.

धाकटीने दारातून हाक मारली की भाऊजी हात वर करायचे, एवढा एक मुद्दा. त्या मुद्द्याला पिल्लं व्हायची. मग माणूस खुर्चीत बसायचा तेव्हा त्याला सगळं लागत असायचं, तिला पुन्हा सुई द्यावी लागायची, आणि औषधाच्या कुप्या दुप्पट वेगाने संपायच्या. तिने आडून सांगितलं, समोर सांगितलं. भाऊजींनी प्रेमळपणे समजूत घातली की शरीराची वेदना घटकाभराची असते. वेदना दुसऱ्याच्या जबड्यात असली की माणसाला असलं पुष्कळ सुचतं.

दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याच्या बाबतीत तर कहर झाला. धिप्पाड माणूस होता. बाकावर इतका वेळ बसला की भुलीचा मागमूसही राहिला नाही, आणि भिडस्तपणे तसं बोललाही नाही. धाकटीने दाताला पक्कड लावली मात्र, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती चरकून थांबली आणि सुई भरायला वळली. तेवढ्यात भाऊजी आत आले, त्यांनी ट्रकवाल्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "पाहिलंस? पाषाण वितळला."

जाऊबाईंनी व्हिडिओ घेतला. संध्याकाळी तो मंडळीच्या ग्रुपवर गेला, पश्चात्तापाचे अश्रू म्हणून, आणि ज्यांनी आयुष्यात भाऊजींचं एक वाक्य पुरतं ऐकलं नव्हतं त्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. भाऊजी जेवताना ती मोठ्याने वाचून दाखवत होते. ट्रकवाल्याच्या दाताचं काय झालं हे एकानेही विचारलं नव्हतं.

दुभाष्या त्याच शाळेतला मास्तर होता. सुट्टीत काम मिळालं म्हणून आलेला, कंटाळलेला, सभ्य. भाऊजी दमछाक होईपर्यंत बोलायचे आणि तो दोन वाक्यांत आटपायचा. ऐकणारे मान डोलवायचे. धाकटीला संशय आला. तिने त्याला बाजूला घेऊन, इतकं लांबलचक बोलणं एवढ्यात कसं बसवता, असं विचारलं. तो जरा लाजला. मग म्हणाला, मी त्यांना सांगतो की घाबरू नका, आतल्या बाईंचा हात हलका आहे, आणि हे गृहस्थ दमले की तुम्हाला आत घेतील.

धाकटी कितीतरी दिवसांनी हसली.

पण तिचा खरा जीव गुंतला होता तो शाळेच्या झाडूवालीत. आल्या दिवशीच ती बाई गाल धरून दारात उभी राहिली होती. खालची दाढ पार किडलेली, मुळाशी पू, गाल सुजून टरटरलेला. कितीतरी रात्री ती आडवी झाली नव्हती, भिंतीला टेकून बसून काढत होती. अशा सुजेत भूल नीट धरत नाही, म्हणून धाकटीने आधी गोळ्या दिल्या आणि दुभाष्यामार्फत वचन दिलं, शेवटच्या दिवशी सूज उतरेल, त्या दिवशी दाढ मी काढणार, तुला दुखू देणार नाही. दातांचा दवाखाना होता तो शहरात, दोन बस बदलून, आणि झाडूवाली आजवर तिथे पोचलेली नव्हती. पुढेही पोचणार नव्हती. त्या दिवसापासून ती रोज वर्ग झाडून जाताना धाकटीला गाल दाखवायची, बघ, उतरतेय.

भाऊजींच्या मुद्द्यांची पिल्लावळ पाहून धाकटीने तिसऱ्या दिवशीच एक कुपी रुमालात गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये लपवली. चांगलं केलं. शेवटच्या दिवशी दुपारी औषधाची पेटी रिकामी झाली, बाकावरचे काही लोक गोळ्या देऊन परत पाठवावे लागले, आणि सगळ्या सेवाकार्यात भूल उरली ती तेवढी एक. संध्याकाळी गाडी न्यायला येणार होती.

भाऊजींनी परत जाणाऱ्या लोकांकडे पाहून सुस्कारा सोडला आणि म्हणाले की औषध आणखी आणायला हवं होतं, धाकटीचा अंदाज चुकला.

तिने पर्समधली कुपी काढली. झाडूवालीला आत बोलावून सरळ खुर्चीत बसवलं, बाकाची भानगडच नको. दार ओढून घेतलं. सुई दिली. औषध जबड्यात जिरेपर्यंत थांबायचं, ओठ जड झाला की दाढ काढायची. दाढ पुवाने आधीच खिळखिळी झाली होती.

दार उघडलं. आधी पांढरी टोपी आत आली, मागे फोन धरून जाऊबाई, त्यांच्या मागे पिवळ्या टोप्या आणि सगळ्यात मागे मेलेल्या चेहऱ्याने दुभाष्या. समारोपाची प्रार्थना इथेच करू, भाऊजी म्हणाले, शेवटच्या रुग्णाबरोबर. किती समर्पक.

"भाऊजी, हिचा दात निघू द्या आधी," धाकटी म्हणाली. "औषध संपलंय. ही भूल उतरली तर दुसरी नाही."

"दोन शब्द गं. प्रभूला दोन शब्द जड आहेत का तुला?"

"प्रभूला नाहीत हो. हिला आहेत."

जाऊबाईंनी फोनच्या आडून डोळे वटारले. पिवळ्या टोप्या आपापल्या बुटांकडे बघू लागल्या. भाऊजींनी दुखावल्यासारखं स्मित केलं, सगळ्यांनी डोळे मिटावेत असं सांगितलं आणि दोन्ही हात पसरले.

सगळ्यांनी डोळे मिटले. दुभाष्यानेही मिटले, आणि तो भिंतीला टेकला.

धाकटीचेही मिटले होते. लहानपणापासूनची सवय, प्रार्थना म्हटलं की पापणी आपोआप पडते. भाऊजी शाळेच्या इमारतीसाठी प्रार्थना करत होते. मग पायासाठी, मग छपरासाठी, मग ज्यांनी विटा दिल्या त्यांच्यासाठी. तिच्या मनात आलं, हा माणूस देवाशी बोलतच नाहीये. देव पेटीवाल्यासारखा मधेच गीत सुरू करत नाही म्हणून त्याच्यापुढे बोलतो आहे एवढंच. तिने डोळे उघडले.

खोलीत आणखी एकाच माणसाचे डोळे उघडे होते. झाडूवाली तिच्याकडेच पाहत होती. तिने बोट उचलून आपल्या ओठावर टिचकी मारली आणि मान हलवली. ओठ जड झाला होता.

धाकटीने कपाळावरचा दिवा लावला. खटका वाजला तेव्हा भाऊजी राज्यकर्त्यांवर आले होते. तिने झाडूवालीच्या हनुवटीखाली हात दिला, हिरडी सोडवली, दाढ हलवून सैल केली. परतीच्या विमानाच्या वैमानिकांना सद्बुद्धी लाभो अशी विनवणी चालू असताना पक्कड बसली. झाडूवालीने खुर्चीचे हात घट्ट धरले, पण तोंडातून हूं की चूं नाही. मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं एकेक करून येत होती, त्यात भाऊजींचा स्वतःचा गुडघाही होता. गुडघ्याच्या सुमारास दाढ निघाली, अख्खी, मुळांसकट. पू वाहून गेला. धाकटीने जखम साफ केली, कापसाचा बोळा दाबून बसवला, आणि दाढ आवाज होऊ न देता रुमालावर ठेवली.

झाडूवालीने जिभेने ती जागा चाचपली. मग खांदे सोडले. बसून बसून आखडलेलं अंग एकदम मोकळं झालं, तशी ती खुर्चीत खाली घसरली, मान एका बाजूला पडली, आणि बोळा चावत ती झोपली. खरीखुरी, घोरणारी झोप.

त्या घोरण्याने भाऊजींची तंद्री मोडली. त्यांनी आमेन म्हटलं, डोळे उघडले, आणि दाढेकडे पाहिलं. मग धाकटीच्या हातातल्या रक्ताळलेल्या पकडीकडे.

"हे कधी?"

"तुमचं विमान चालू होतं तेव्हा धरली. गुडघ्याला निघाली."

कोणीतरी पिवळी टोपी तोंडावर धरली. भाऊजींचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. बाईची कळ गेली, ती किती दिवसांनी झोपली, यातलं त्यांना काहीही दिसलं नाही. त्यांना दिसलं ते वेगळंच.

"म्हणजे प्रार्थनेत तू डोळे उघडे ठेवलेस?"

"ठेवले."

"देवासमोर?"

"त्याचेही उघडे असतील अशी माझी समजूत आहे," धाकटी नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "जाऊबाईंचेही होते. व्हिडिओ घेत होत्या ना त्या."

जाऊबाईंनी फोन खाली केला आणि पुटपुटल्या की आपण एकच डोळा उघडा ठेवला होता, तोही व्हिडिओपुरता.

भाऊजी म्हणाले की प्रार्थनेचा भंग झाला आहे, ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, आणि या बाईला उठवा. त्यांनी झाडूवालीच्या खांद्याकडे हात नेला.

धाकटीने तो हात मनगटापाशी धरला. घरात आजवर तिने मोठ्या दिरांच्या पुढ्यात ताट ठेवलं होतं, मागे सरून वाट दिली होती, हात कधी धरला नव्हता. पकडीची सवय असलेला तिचा पंजा होता. भाऊजींना तो सोडवता येईना.

"हिला उठवायचं नाही," ती म्हणाली. "बाहेर बाक रिकामा आहे, भाऊजी. तिथे जाऊन करा."

ते काही बोलायला गेले. पण आयुष्यात प्रथमच दुसरा मुद्दा सुचला नाही. दुभाष्याने दार उघडून धरलं. पिवळ्या टोप्या एकेक करत चवड्यांवर बाहेर पडल्या, शेवटी पांढरी.

धाकटीने दिवा मालवला, कुकरखालची शेगडी बंद केली. दुभाष्याला सांगितलं की गाडीवाला आला तर त्याला म्हणावं थांब, बोळा बदलायचा आहे, आणि ही जागी झाल्याशिवाय मी निघणार नाही. मग स्टूल ओढून ती झाडूवालीच्या उशाशी बसली. बाहेरून आवाज येत होता. भाऊजींनी पुन्हा इमारतीपासून सुरुवात केली होती.

तिने उठून खिडकी लावली.