एकशेसत्तर मिलिमीटर

स्प्रिंग खोटं बोलत नाही. जितका भार टाकाल तितकीच ती दबते. वर साहेब बसलाय की हमाल, तिला फरक पडत नाही. अशोक हुपरीकरांची या तत्त्वावर नितांत श्रद्धा होती. तिच्याच जोरावर मानेसरच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या कारखान्यात, टेस्टिंग विभागात, ते बावीस वर्षांत दोन खुर्च्या पुढे सरकले होते. त्यातली एक रंगकामाच्या वेळी.

मार्चमध्ये विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. अशोकराव त्रेपन्न वर्षांचे. ही संधी हुकली की पुढचा समारंभ थेट निवृत्तीचा. नेमणूक विश्वनाथ सरांच्या हाती. सर पुण्याचे, पण अशोकरावांशी मराठीत बोलत ते फक्त कामं सांगताना. पगारवाढीचा विषय कायम इंग्रजीत.

दिवाळीनंतर सरांनी ऑफिसचा सायकल ग्रुप काढला. हवेच्या प्रदूषणाचा आकडा तीनशेच्या आत असेल त्या रविवारी मंडळी अरवलीच्या पायथ्याशी जमत. सर हेल्मेट, गॉगल, गुडघ्यांना पॅड अशा थाटात येत, झेंडा दाखवत आणि मग एसयूव्हीतून सगळ्यांच्या मागोमाग पराठ्याच्या ढाब्यापर्यंत जात. "माझी सायकल यायचीय," ते सांगत. "फोर्कच ठरत नाहीये, यार."

फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. आत हवेची स्प्रिंग. कोण कुठे आणि कशी सायकल हाकतो, त्यावर तो किती दबणारा घ्यायचा ते ठरतं. खडबडीत पायवाटेला शंभर मिलिमीटर पुरतात. कड्यावरून उड्या टाकणाऱ्याला एकशेसत्तर लागतात. सरांनी ही निवड अशोकरावांवर सोपवली.

दुसऱ्या कोणी सरांचा चेहरा बघून आकडा सांगितला असता. अशोकरावांनी फॉर्म पाठवला. वजन, रस्ता, उडीची उंची. वजन सरांनी अठ्ठ्याहत्तर भरलं. सर बसल्यावर एसयूव्ही त्या अंगाला किती कलते ते रविवारी पाहून अशोकरावांनी शहाण्णव धरलं. चालवण्याची पद्धत या रकान्यात एकच शब्द होता: ॲग्रेसिव्ह. तोच शब्द सर तिमाहीच्या टार्गेटलाही वापरत.

अशोकरावांनी दीड पानी टिपण दिलं. शंभर पुरे. जास्त घेतलात तर सायकल जड होईल आणि चढावर पुढचं चाक भरकटेल. सोमवारच्या मीटिंगमध्ये सर टिपण वाचून "इंटरेस्टिंग" एवढंच म्हणाले. अशोकरावांच्या हाताखालचा राघव कागद न बघताच म्हणाला, "सर, आपके लिए तो वन-सेव्हंटी से कम बनता ही नहीं." सर हसले नाहीत, त्यांची खुर्ची मात्र राघवच्या बाजूला वळली.

घरी विनयाने सगळं ऐकून घेतलं. तिचा हात पोळी लाटत होता.

"अहो, त्यांनी तुम्हाला सायकल विचारलीच नव्हती. मी कसा दिसतो, ते विचारलं होतं."

"मग काय लिहू?"

"त्यांना जसं दिसायचंय तसं. बावीस वर्षं स्प्रिंगशी इमान राखलंत. तिने एकदा तरी चहा विचारला का?"

चौथ्या दिवशी सुधारित टिपण गेलं. 'सरांची शैली लक्षात घेता एकशेसत्तर.' अशोकरावांच्या आयुष्यातला तो पहिला खोटा रिपोर्ट. खालची सही नेहमीपेक्षा सुबक आली होती. सरांचं उत्तर चक्क मराठीत आलं: "आता कसं बोललात!"

मार्चमध्ये जागा राघवला मिळाली. अशोकरावांच्या वार्षिक शेऱ्यात लिहिलं होतं की हे गृहस्थ तांत्रिक मतावर ठाम राहत नाहीत. कोणतीही नवी चाचणी न करता यांनी चार दिवसांत निष्कर्ष बदलला. पुरावा म्हणून दोन्ही टिपणं जोडलेली होती. शेरा इतका अचूक होता की बावीस वर्षं रिपोर्ट तपासणाऱ्या माणसाला त्यात एकही चूक सापडेना. त्यांनी सही केली. राघवच्या शेऱ्यात 'पहिल्यापासून एकच मत' असं होतं. हे त्याने स्वतःच सांगितलं, बर्फीचा डबा पुढे करताना.

एप्रिलमध्ये सरांचा फोन आला. मराठीत, म्हणजे काम होतं. सायकल येऊन महिना झालाय, फोर्कची हवा तेवढी वजनाप्रमाणे लावून द्या. अशोकराव रविवारी हातपंप घेऊन सरांच्या गुरुग्रामच्या फ्लॅटवर गेले. नाही म्हणायलाही सवय लागते, आणि ती सवय त्यांना नव्हती.

सायकल दिवाणखान्याच्या भिंतीवर, दोन दिव्यांच्या मधोमध टांगलेली होती. फोर्कच्या एका पायावर रबराची बारीक कडी असते. स्वार बसला की फोर्क दबतो, कडी वर सरकते आणि तिथेच राहते. किती दबला ते तीच सांगते. अशोकरावांनी वाकून पाहिलं. कडी तळाशी होती. टायरवर नव्या रबराचे केससुद्धा शाबूत होते.

सर आतल्या खोलीत फोनवर होते. त्यांच्या पत्नी, सुनीतीवहिनी, पन्हं घेऊन आल्या. सायकल खाली उतरवू या, अशोकराव म्हणाले, आणि सरांना पाच मिनिटं बसायला बोलवा. माणूस बसल्याशिवाय हवा लावता येत नाही.

"सायकलवर?" वहिनी म्हणाल्या. "त्यांना सायकल येत नाही."