कुठल्या नावावर वळवू, सर?

तालुकाकोशाच्या संपादक मंडळात डोकी चार होती आणि मत एकच, दत्तात्रेय सरांचं. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, दोन आंब्याच्या बागा, आणि समोरच्याला कायम पाचवीच्या बाकावर बसवून बोलायची खोड. सुनेत्राबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या सरांच्या वाक्याला अनुमोदन देत, तेही वाक्य संपायच्या आत. अपूर्व सरांचा भाचा. पुण्याच्या कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करायचा, कोशाची वेबसाइट त्यानेच बांधलेली. चौथी समीक्षा. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि मंडळात तिला घेतलं होतं ते कोश सगळ्यांचा आहे असं दिसावं म्हणून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दर फोटोत तिला ओढून मधोमध उभं करत, त्यातून कळायचं ते कळलं.

तिच्याकडे वळणांचं काम होतं. एका गोष्टीला लोक दहा नावं ठेवतात. कुणी मोरी शोधतो, कुणी मुशी, मासा तोच. पान एका नावाने ठेवायचं आणि बाकीची नावं त्याच्याकडे वळवायची, म्हणजे शोधणारा कुठूनही आला तरी नेमक्या घरी पोचतो. पान मोरीचं की मुशीचं, यावर मंडळाने दोन बैठका घातल्या आणि परातभर भजी संपवली. माशाच्या अब्रूची केवढी ती काळजी.

मग पालीजवळच्या एका वाडीचं पान आलं. समीक्षाचीच वाडी. वाडीचं जुनं नाव म्हणजे आधी जात आणि पुढे वाडी. ते इथे लिहायचं काही कारण नाही. ग्रामसभेने ठराव करून ते काढून टाकलं, उमेदवाडी केलं, रस्त्यावर तशी पाटीही लागली. पानाचा सगळा मजकूर समीक्षाच्या वडिलांनी, रावजींनी सांगितला होता. विहीर कुणी कुणी खणली, मॅट्रिक झालेली पहिली पोरगी कोण, मुंबईकरांनी समाजमंदिर कसं उभं केलं. तोंड उघडण्याआधी त्यांनी अट घातली होती.

"वर नाव आमचा नवा पायजे. नायतर माझ्याकडनं एक अक्षर मिळायचा नाय."

समीक्षाने शब्द दिला आणि केलंही तसंच. पान उमेदवाडीचं, जुनं नाव तिकडे वळवलेलं. चार दिवसांनी उघडून बघते तर सगळं उलटं. उमेदवाडी शोधलं की पान उघडायचं आणि माथ्यावर ठळक अक्षरांत तीच जात.

बैठकीत तिने चहाचा कप बाजूला सारला. "हे उलटं कुणी केलं?"

"मी करायला लावलं," सर म्हणाले. "अगो, इतिहास असा पुसता येत नाही."

"पुसला कुठे? जुन्या नावाने शोधणाराही पोचत होता. नव्या नावावर पोचत होता, एवढंच."

"नावाचं काय घेऊन बसलीस," सुनेत्राबाई म्हणाल्या. "शेवटी पान तेच उघडणार ना?"

"तेच उघडणार असेल तर उमेदवाडी राहू दे. तुमचं काय बिघडतं?"

सुनेत्राबाईंनी भजं उचललं.

"कोश भावनेच्या भरात लिहीत नाहीत," सर म्हणाले.

"बरं. मग शांतिविहार घेऊ या."

शांतिविहार ही सरांची वसाहत. हातखंब्याच्या वाटेवर, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर. जांभ्याचे बंगले आणि फाटकांवर संगमरवरी पाट्या.

"प्लॉट पडायच्या आधी सगळे त्याला मसणसडा म्हणायचे," समीक्षा म्हणाली. "कोशात ते नाव वळण म्हणूनसुद्धा नाही. मी टाकलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा उडालं. तिथला इतिहास कुणी पुसला?"

"ते नाव अभिरुचीला धरून नाही."

"आणि आमचं आहे?"

अपूर्व लॅपटॉपमध्ये असा घुसला होता की बाहेर यायचं नाव नाही. शेवटी सरांनी घसा खाकरला आणि तोडगा काढला, आयुष्यभर काढत आले तसा, कुणाचंच काम न करणारा.

"दोन्ही बाजूंचा मान राहू दे. जुनं नाव नव्याकडे वळव आणि नवं जुन्याकडे. कुणाला वाईट वाटायला नको."

अपूर्वने मान वर केली. तोंड उघडलं. मामाकडे पाहिलं आणि मिटलं.

काय होणार ते समीक्षालाही कळत होतं. दोन्ही घरांच्या दारावर 'शेजारी चौकशी करा' अशी पाटी लावली की पाहुण्याने जन्मभर कुंपणाच्या गडग्याभोवतीच फिरायचं. ती बोलणारही होती. मग मनात म्हणाली, का म्हणून? या लोकांचा उकिरडा दर वेळी कुणीतरी गुपचूप झाडायचा आणि यांनी अंगण स्वच्छ म्हणून मिरवायचं. तिने मजकूर आपल्याकडे जपून ठेवला आणि सरांनी सांगितलं तेवढंच केलं, अगदी तस्संच.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर वाचनालयाच्या सभागृहात कोशाचं उद्घाटन होतं. उमेदवाडीतून टेम्पो भरून माणसं आली. रावजी पुढच्या रांगेत, कडक इस्त्रीचा सदरा घालून. सर समतेवर भरपूर बोलले. फुकटचा विषय.

"आता या मंडळींच्या वाडीचं पान पाहू," ते म्हणाले. अपूर्वने बटण दाबलं. पडद्यावर चक्र गरगरलं आणि ओळ उमटली: वळण पुन्हा स्वतःकडेच येत आहे, पान उघडता येत नाही. त्याने परत दाबलं. परत तेच. मागे पोरं फिसकन हसली.

सर दात आवळून म्हणाले, "समीक्षा, सरळ कर ते."

ती लॅपटॉपपाशी गेली. माईक तिथेच होता, चालू. "करते की. कुठल्या नावावर वळवू, सर?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत होतं तेव्हा तुम्ही उलटवलंत. आता तुम्ही नाव घ्या, मी टाकते."

भजी खाताना ते जुनं नाव सरांनी पन्नास वेळा घेतलं होतं, जीभ कधी अडखळली नव्हती. आता त्या नावाची माणसं समोर खुर्च्यांत बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सरांनी पाण्याचा घोट घेतला. ओठ हलले.

रावजींनी कानामागे हात धरला. "जरा मोठ्यानं, मास्तर. माला कमी येता ऐकायला."

"उमेदवाडी."

"काय?" समीक्षाने विचारलं.

"उमेदवाडी," सर माईकमध्ये म्हणाले. आवाज भिंतींना लागून परत आला.

समीक्षाने टाइप केलं, जपून ठेवलेला मजकूर परत टाकला. पान उघडलं, वर ठळक उमेदवाडी, खाली विहिरीचा फोटो. टाळ्या पडल्या. रावजींनी वाजवल्या नाहीत. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिले, मग लेकीकडे वळले.

"दोनदा बोलायला लावलंस गो त्यांना."

"तुम्हालाच ऐकू येत नव्हतं ना, बाबा."

"माझे कान खणखणीत आहेत."

ती हसली नाही. तिचे हात अजून कळफलकावर चालत होते. मग तिने माईक पुढे ओढला. "आणखी एखादं पान बघायचंय का कुणाला? कुठलंही नाव सांगा. जुनं सांगितलंत तरी चालेल."

मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "मसणसडा बघ गो."

तिने बटण दाबलं. शांतिविहार उघडलं, पहिलाच फोटो सरांच्या बंगल्याचा. तिसऱ्यांदा टाकलेलं ते वळण मात्र जराही अडकलं नाही.