कुऱ्हाडीची गवसणी

मी एक जुनी कुऱ्हाड आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. हसू आले ना? खुशाल हसा. पण ज्या दिवसापासून मी भिऊ लागले त्या दिवसाची हकिकत ऐका आणि मग काय ते ठरवा.

लोहाराने मला निगुतीने घडवले. घोडे अडले ते सुताराकडे. गिऱ्हाईक दारात खोळंबले होते आणि वाळलेले लाकूड संपले होते. त्याने ओलसर लाकडाचाच दांडा तासून माझ्यात बसवला, वरून पाचर ठोकली आणि म्हणाला, "घ्या, आता जन्मात हलायची नाही." त्या दिवशी खरोखरच हलत नव्हते.

माझा धनी शिंपी होता. सुईत दोरा तो न बघता ओवायचा, पण सरपण त्याने कधी फोडले नव्हते. ते काम त्याच्या बायकोचे. तिला आता सातवा महिना लागला होता आणि थंडी तोंडावर आली होती. ती स्टूल घेऊन अंगणाच्या कडेला बसली आणि नवऱ्याची शिकवणी सुरू झाली.

"अहो, कापड बेतताय का? पाय फाकवा. नजर लाकडावर, माझ्याकडे नाही."

"तुझ्याकडे बघितलं की धीर येतो गं."

"धीर राहू द्या, सरपण हवंय मला. आणि एक लक्षात ठेवा, कुऱ्हाडीच्या समोर कुणी बसायचं नाही. म्हणून मी इथं कडेला बसलेय."

त्याचा पहिला घाव लाकडाला चुकवून मातीत गेला. त्याच्या पायाच्या अंगठ्यापासून मी दोन बोटांवर रुतले होते. त्याच्या तोंडचे पाणी पळाले, आणि माझ्या काळजाचेही पाणी झाले. पण आठवड्याभरात त्याचा हात बसला. ओंडक्याची चीर हेरून तो मला तिच्यावर आणू लागला आणि लाकूड सरळ दोन फाकांत उघडू लागले. मला त्याचा अभिमान वाटायचा.

फक्त त्याच्या तळव्यांना फोड आले. शिंपीच तो, त्याने जाड कापड घेतले आणि माझ्या दांड्याला गवसणी शिवली. वरच्या टोकाला पट्टी काढून ती माझ्या डोक्यावरून घेतली आणि दुहेरी टाका घालून घट्ट केली. शेजारीण बघून म्हणाली, "कुऱ्हाडीला अंगरखा! आता बटणं तेवढी लावा!" सगळे हसले. मीही मिरवले.

पण मित्रांनो, गवसणीच्या आत तो ओला दांडा वाळत होता. वाळत होता आणि आकसत होता. एके सकाळी घाव घालताना मला माझी मान हलल्यासारखी वाटली. एरवी कुणालाही पाचरीजवळची फट दिसली असती, पण ती कापडाखाली होती. मी खुळखुळत होते, तो आवाजही कापड गिळत होते. मला ओरडायचे होते. कुऱ्हाडीला तोंड असते ते फक्त लाकडाला लावायला.

त्याच दिवशी ऊन सरकले. शिंपीण मटार सोलत होती. तिला थंडी वाजली, तशी ती स्टुलासकट उन्हात आली. नेमकी माझ्या समोर. नियम तिचाच, आणि विसरली तीच. दहा पावलांवर तिचे पोट आणि मांडीवर परडी. माझी पाचावर धारण बसली. त्याने मला उचलले, मी बोटभर वर सरकले. घाव बसला. पुन्हा उचलले, आणखी बोटभर. आता फार तर एकच घाव, मग मी सुटणार होते, आणि कुठे जाणार ते मला समोर दिसत होते.

त्याने तिसऱ्यांदा मला उचलले आणि अर्ध्यावरच थांबला.

"हे कसं उसवलं?"

मी वर सरकताना पट्टी ताणली गेली होती आणि एक टाका तुटून दोरा लोंबत होता.

"राहू द्या की, एवढा ओंडका फोडा आणि मग बघा," शिंपीण म्हणाली.

"छे! माझा टाका उसवलेला मला बघवत नाही."

गळ्यात अडकवलेल्या कात्रीने त्याने पट्टी कापली. कापड गळून पडले आणि मी दांड्यावरून सुटून त्याच्या हातात आले. त्याने माझ्याकडे बघितले. मग समोर बघितले. शिंपिणीचा हात आपसूक पोटावर गेला. तो तिथेच मातीत बसला आणि हमसून रडला.

पुढे वाळलेला दांडा आला. गवसणी पुन्हा कधी चढली नाही. प्रत्येक वेळी उचलण्याआधी त्याचा अंगठा माझ्या मानेवरून फिरायचा. असे बारा हिवाळे गेले. मग घरात गॅस आला आणि मी खिळ्यावर टांगले गेले.

आज सकाळी गॅस संपला. त्याच्या लेकीने मला खाली काढले. तीच, त्या दिवशी पोटात असलेली. इतक्या वर्षांत माझा दांडा पुन्हा आकसला आहे. म्हातारा शिंपी उन्हात बसला होता, नेमका समोर. त्याला आता सुईचे नेढेही दिसत नाही. तिने मला उचलले आणि मी डोळे मिटले.

"मान बघितलीस का?" तो म्हणाला.

"कुणाची, बाबा?"

"कुऱ्हाडीची. अंगठा लावून बघ."

तिचा अंगठा माझ्या मानेवर आला. "हलतेय हो!"

म्हातारा चाचपडत उठला, स्टूल उचलले आणि कडेला नेऊन ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी टांगलेले असेल, तर हातात घेण्याआधी एकदा मानेला अंगठा लावून बघा. आम्हाला ओरडता येत नाही.