मोठी अळी घेऊ नका

…डबीच्या तळाशी पडलेला तो तांबूस दाणा काल अख्खा होता, आज त्याचं टोक टोपणासारखं उघडलंय, आणि वर जाळीला उलटी बसलीय एक माशी. काळी, पाठभर राठ केस. फुलपाखरू नाहीच. दोघी बहिणींतल्या मोठीनं डबी खिडकीत धरली. काडीला कोष तसाच चिकटलेला, पण काळा पडलेला, पोटाला भोक, भोकातून सुकलेला चिकट धागा लोंबतोय — म्हणजे हिनं फुलपाखराला आतून खाल्लं, जिवंतपणी, निवांत, मग दाणा होऊन खाली पडली, आणि आम्ही रोज म्हणत होतो की कोष रंग बदलतोय.

ठेचावी. जाळीसकट. अंगठा टेकलासुद्धा.

दारात धाकटी बूट घालत होती. आज तिच्या शाळेच्या निसर्ग क्लबात सोडायचा दिवस — ज्यानं त्यानं पाळलेलं फुलपाखरू मैदानात सोडायचं, घरच्यांसमोर. आई कामावर, बाप गेला तो गेलाच, सुटलो… तेव्हा घरचे म्हणजे मी. आणि मावशी. पण मावशीला फुलपाखराचं काय पडलंय, ती येतेय धाकटीचे दंड बघायला. मागच्या खेपेला भांडी घासता घासता तिनं हळूच सांगितलं होतं, पोरीच्या अंगावर पुन्हा वळ दिसला तर तिला मी माझ्याकडे नेणार, तुझ्या आईला विचारणारसुद्धा नाही. नेणार म्हणे. हिची वेणी कोण घालतं, ताप आला की उशाशी कोण बसतं… आणि हाणतं कोण, तेही मीच. हात माझा, पण उठतो तेव्हा मला विचारत नाही. परवाच उठला. म्हणून आज एवढ्या उकाड्यात धाकटीनं लांब बाह्यांचा शर्ट घातलाय, आपणहून, मी सांगितलंसुद्धा नव्हतं.

धाकटीनं डबी घेतली, आत बघितलं, काही बोलली नाही. रस्ताभर नाही. रड ना, मोठीच्या मनात येत होतं, विचार तरी काहीतरी. ही पोरगी गप्प बसली की डोक्यात हातोडा पडायला लागतो. कोष व्हायच्या आधी एका संध्याकाळीही तसंच झालं होतं, फक्त धाकटी शिकवणीला गेलेली, घर रिकामं, दूध उतू गेलं, चटका बसला, आणि हाताला लागली ती ही डबी, आत धाकटीची अळी. भिंतीवर आपटली. हिरवा चिखल ओघळला, त्यात पाय अजून हलत होते. मग भिंत पुसली, डबी धुतली, जिथून रोज पानं आणायचो त्या लाँड्रीमागच्या लिंबोणीवरून चांगली जाडजूड अळी पानासकट तोडून आणली. हिरवी ती हिरवी. कोणाला कळतंय.

फाटकावरचा वॉचमन मोठीला बघून हसला; याच शाळेनं तिला काढून टाकलं होतं. काय तिखट, परत नाव घालायला आलीस काय, की उरलेल्या खुर्च्या मोडायला? तिनं त्याची शिट्टी त्याच्याच घशात कोंबली, मनातल्या मनात, दोनदा.

मैदानात पोरं गोल उभी, पालक मागे. एकेक डबी उघडायची, पंख फडफडायचे, टाळ्या. क्लबच्या बाई कुणाच्या तरी आईला समजावत होत्या की आम्ही पोरांना झाडावरून फक्त अंडी आणायला सांगतो, मोठी अळी घेऊ नका म्हणतो, कारण बाहेर वाढलेल्या अळीवर माशी कधीच अंडी घालून गेलेली असते. तुम्ही तिला पानं चारता, लाड करता, आणि वाढवता मात्र माशीला.

मोठीचे कान तापले. लिंबोणी डोळ्यांसमोर आली. ते जाडजूड हिरवं अंग… तेव्हाच आत होती.

धाकटीची पाळी आली. तिनं जाळी काढली. माशी काठावर येऊन बसली, पाय पुसत, घरच्यासारखी. एक गुबगुबीत पोरगा म्हणाला, हिच्याकडे उकिरडा पाळतात वाटतं, आणि हशा पिकला, आणि मोठीच्या मुठीत त्याची कॉलर आली, बटण तुटलं, दुसरा हात वर… समोर मावशी होती. हात वरच राहिला. मग पोरगा निसटला.

बाईंनी धाकटीला जवळ घेतलं. "ही तू अंड्यापासून वाढवलेलीच का गं?"

"नाही बाई. ती मेली. तिचं एक शिंग वाकडं होतं, चिडली की बाहेर काढायची. हिची दोन्ही सरळ. ही मीच आणली लाँड्रीमागून."

पापणी लवली नाही. मोठी बघतच राहिली. म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळूनसुद्धा रोज पानं घातली, रोज माझ्या शेजारी झोपली, भिंतीकडे तोंड करून…

मावशी पुढे झाली, वाकली, धाकटीची बाही वर सरकवली. दंडावर चार बोटं, निळी. मावशीनं तोंड उघडायच्या आत धाकटी बोलली. "खो-खोत एकीनं धरलं मावशी. ताई नव्हती तिथं."

तोच आवाज. सपाट, पाठ केलेला, मध्ये श्वास नाही. हा आवाज माझा आहे. याच मैदानात, याच बाईंना मी माझ्या वळाबद्दल सांगितलं होतं, दार लागलं बाई, पप्पा घरी नव्हते. आणि बाईंनी मान हलवली होती.

मावशी वळून मोठीकडे बघत होती. मग तिचा चेहरा हळूहळू सैल पडायला लागला. म्हणजे जिंकले. धाकटी राहिली घरी, वेणी माझी, ताप माझा… पण मीही अशीच घरी राहिले होते. नको मावशी. तिचं ऐकू नकोस, पोरगी खोटं बोलतेय, चांगलं बोलते, मावशी, विश्वास ठेवू नकोस…