विनवणीतली नवी ओळ

बिशपांच्या स्वयंपाकिणीने, नुन्झियाताने, पिठाची पेटी ओढत आणून दाराला लावली.

"काढ ती," बिशप लात्तान्झिओ म्हणाले.

"काढते. आधी तुम्ही मागच्या दाराने निघा, स्वामी. फ्रेंच पळताहेत, तुमच्यासाठी गाडी ठेवलीय. सोयरेच ना तुमचे."

"मी बोलावलं नव्हतं त्यांना."

"हे बाहेर जाऊन सांगा. अगदी मांडी घालून ऐकतील."

*प्लेगापासून —*
*आम्हांला सोडव, प्रभू.*

विनवणी म्हणत मिरवणूक चौकात आली होती. फ्रेंचांनी रोवलेला स्वातंत्र्याचा खांब सकाळीच जळाला होता. खिडकीतून अजून धूर येत होता.

लॅटिनमधली ही विनवणी लोक पूर्वी जांभया देत पुटपुटायचे. बिशपांनी ती टस्कनीच्या रोजच्या बोलीत आणली. प्रत्येक ओळ नुन्झियाताला वाचून दाखवली, तिला अडला तो शब्द खोडला.

*दुष्काळापासून —*

"मारियामातेच्या मूर्तीवरचा पडदा तुम्ही काढलात," नुन्झियाता म्हणाली. "तिला वाहिलेली चांदी विकून दवाखाना बांधलात. ती रुसली, म्हणून फ्रेंच आले. लोक म्हणतात."

"आणि तू?"

ती पेटीवर बसली. एप्रनचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माझी बहीण त्या दवाखान्यात वाचली." मग टोक सोडून म्हणाली, "पडदा तेवढा राहू द्यायचा होता."

*युद्धापासून —*
*आम्हांला सोडव, प्रभू.*

बिशप खिडकीकडे सरकले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"किती स्वच्छ म्हणताहेत बघ. एकही शब्द गिळत नाहीत."

यापुढची ओळ अवचित मरणाची. त्यांचे ओठ आधीच हलू लागले.

*आमच्या बिशपापासून —*

ओठ थांबले.

चौकाने उत्तर दिलं. खोलीतही कुणीतरी दिलं, अगदी हळू, सवयीने.

नुन्झियाताने तोंडावर हात दाबला.

"स्वामी, मी... तोंडातून निघून गेलं हो."

"असू दे. तसंच शिकवलं होतं मी."

मागच्या गल्लीत गाडीवानाने दोनदा हाक मारली. मग चाकं दगडांवरून दूर गेली.

बिशपांनी तिला हाताला धरून उठवलं. पेटी बाजूला ढकलली. थोडं पीठ सांडलं, ते त्यांनी पायाने एका कडेला केलं.

*आमच्या बिशपापासून —* बाहेर पुन्हा म्हटलं गेलं, आता अगदी दाराशी.

"आम्हांला सोडव, प्रभू," बिशप इतरांच्या सुरात म्हणाले, आणि त्यांनी कडी काढली.