वरदाचे काळे पंख

मित्रांनो, मला पाहून आज कोणी छत्री म्हणणार नाही. मला मूठ नाही, दांडा नाही, काड्याही नाहीत. तरीही मी एक जुनी काळी छत्रीच आहे, आणि लंडनच्या हॅरो भागातल्या एका घरात जिन्याखालच्या कपाटात राहते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. नाशिकहून नुकतेच इकडे आलेले डॉक्टर चंद्रशेखर यांनी मला विकत घेतलं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. तीन वर्षं मी रोज त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेले. ट्रेनमध्ये त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहायचे आणि दिवसभर वॉर्डबाहेर निथळत असायचे. एकदा भर पावसात त्यांनी एका अनोळखी आजींना बसस्टॉपपर्यंत सोडलं. "चांगली दणकट छत्री आहे हो," असं त्या म्हणाल्या. ते शब्द मी फार दिवस जपून ठेवले.

पण एका सकाळी वाऱ्याने मला उलटी केली. दोन काड्या मोडल्या. "बघू, दुरुस्त करून आणू," असं म्हणत डॉक्टरांनी मला गॅरेजमध्ये ठेवलं. ते कामात बुडालेले, विसरून गेले. मी वर्षभर एका कोपऱ्यात पडून होते. माझ्या घड्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलं.

ते साल २००६. डॉक्टरांची मुलगी वरदा सहा वर्षांची होती आणि तिचा भाऊ नील तीन वर्षांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी इथली मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन शेजाऱ्यांच्या दारी चॉकलेटं मागायला जातात. वरदा शाळेत नवीन होती. त्या वर्षी वर्गातल्या मुलींनी पहिल्यांदाच तिला बरोबर बोलावलं होतं.

"आई, मला बॅट व्हायचं आहे. मोठा विंग्सवाली," ती म्हणाली.

तिची आई उल्का दोन दुकानं फिरून आली, पण तिच्या मापाचं वटवाघूळ काही मिळालं नाही. मग गॅरेजमध्ये काही सापडतंय का ते पाहताना तिने मला उचललं, झटकलं आणि उघडलं. माझ्या कडेच्या कमानी तिला वटवाघळाच्या पंखांसारख्या दिसल्या. मग ती मला घेऊन थेट शेजारच्या एलिशेबा मावशींकडे गेली.

एलिशेबा मावशी मूळच्या मुंबईच्या ज्यू. हॅरोत त्यांनी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि त्यांनी शिलाई मशीनवर कापड टाकलं ते काढलंच नव्हतं.

"मावशी, तुम्ही फक्त कसं कापायचं ते सांगा. मी हाताने शिवीन," उल्का म्हणाली.

मावशींनी मला बोटांनी चाचपलं. "हा आमचा सण नाही गं, तुमचाही नाही," त्या म्हणाल्या. "पण हाताने शिवलेलं उसवेल. मुलं पळतात. ठेव इथे."

दोन दुपारी त्यांनी माझ्यावर काम केलं. काड्यांची टोकं बोचतील म्हणून एकेक काडी सोडवून घेतली. मला मधोमध कापलं, तेव्हा मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण मशीनचा आवाज सुरू झाला आणि मावशी हळू आवाजात काहीतरी गुणगुणू लागल्या. माझे दोन पंख झाले. मनगटाला अडकवायला इलॅस्टिक आलं. उरलेल्या कापडाचे दोन कान त्यांनी काळ्या टोपीला शिवले. उल्काने नीलसाठी आपल्या नारिंगी ओढणीचा भोपळा केला, आत वर्तमानपत्रं कोंबली. तो चालला की कुरकुर आवाज यायचा.

त्या दिवशी पाचलाच अंधारलं. घरोघरी दारात कोरलेले भोपळे पेटले होते. वरदा हात पसरून धावत होती आणि मी वाऱ्यावर फडफडत होते. इतकी मोकळी मी कधीच झाले नव्हते.

तिसऱ्या घरापाशी चकचकीत चेटकिणीच्या पोशाखातल्या एका मोठ्या मुलीने मला हातात धरून पाहिलं. "ही तर तुटकी छत्री आहे," ती म्हणाली. बाकीच्या मुली हसल्या. वाईट मनाने नसेल, पण हसल्या.

वरदाने मला काढलं आणि आईच्या हातात कोंबलं. "मला घरी जायचं," ती म्हणाली. उल्का तिची समजूत घालायला खाली वाकली आणि नीलचा हात तिच्या हातातून सुटला. समोरच्या दारातून कवटीचा मुखवटा घातलेला एक माणूस मोठ्याने ओरडत बाहेर आला. मुलं किंचाळत पांगली. माणसं बाजूला झाली तेव्हा नील तिथे नव्हता.

उल्काने हाका मारल्या. रस्त्यावर गाड्या होत्या. मी तिच्या मुठीतच होते. त्या माणसाने मुखवटा काढला आणि तोही शोधू लागला. तेवढ्यात वरदाला कुरकुर ऐकू आली. नील एका बागेतल्या कचऱ्याच्या डब्यांमागे, भिंतीला चिकटून बसला होता. आईने हात पुढे केला, तरी तो बाहेर येईना.

"मॉन्स्टर आहे," तो म्हणाला.

वरदाने आईच्या हातातून मला घेतलं. इलॅस्टिक मनगटात अडकवलं आणि गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी गेली.

"नील, इकडे बघ. मी मोठा बॅट आहे. मॉन्स्टर बॅटला घाबरतो. तू माझ्या विंगच्या आत ये."

तिने माझी डावी बाजू त्याच्यावर पसरली. आत त्याचा श्वास गरम लागत होता. मग त्याने माझी कड मुठीत धरली आणि दोघं तसेच, एका पंखाखाली, हळूहळू चालत बाहेर आले. ती चेटकीण झालेली मुलगी वाटेतून बाजूला झाली. पुढच्या घरी वरदाने मला काढलं नाही. तिला कोणी काही विचारलंही नाही.

पुढे नीलने मला घातलं, नंतर त्याच्या गंधार नावाच्या एका मित्राने. एलिशेबा मावशींच्या मशीनवर झाकायचं कापड पुन्हा पडलं नाही. दर ऑक्टोबरमध्ये गल्लीतल्या कुणाची ना कुणाची आई पोशाख शिवून घ्यायला त्यांच्या दारात उभी असते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादं मूल घरी शिवलेलं काहीतरी घालून तुमच्यापुढे उभं राहिलं, तर ते कशाचं केलंय हे लगेच ओळखून दाखवू नका. आधी त्या मुलाला विचारा, "तू कोण झाला आहेस?" आणि ते जे सांगेल ते खरं माना.